ताडपत्रीखाली सडलेला जोड : दिवाळे कोळीवाड्यातल्या एका होडीवरचं सोलर वायरिंग

नवी मुंबईत बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातली ही मासेमारीची होडी. केबिनच्या छपरावर १०० वॅटची दोन सोलर पॅनेलं, आत पॅनेलचा करंट बॅटरीत सोडणारा २० अँपिअरचा साधा, 'पीडब्ल्यूएम' प्रकारचा कंट्रोलर आणि १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. या बॅटरीवर एलईडी दिवे, वायरलेस, जीपीएस आणि फिश फाइंडर चालतो. इंजिनाची बॅटरी वेगळी, ती अल्टरनेटरवर भरते. म्हणजे सोलर बंद पडलं तरी इंजिन चालू राहतं, पण बाकी सगळं आंधळं.

१ जून ते ३१ जुलै राज्यात पावसाळी मासेमारी बंदी असते. त्या काळात होडी वर ओढून केबिनसकट निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेली होती. नारळी पौर्णिमा झाली, ताडपत्री सुटली आणि बॅटरी भरेना. एका दुकानदाराने कंट्रोलर बदलायला लावला. नवा कंट्रोलर बसला, बॅटरी तरीही भरेना. मग संशय बॅटरीवर गेला. नवी बॅटरी आणायच्या आधी एकदा वायरिंग तरी बघून घेऊ म्हणून मला बोलावणं आलं.

नाखव्यांचं, म्हणजे होडीच्या मालकांचं, म्हणणं सरळ होतं. "ताडपत्री व्हती ना सगली. पावसाचा थेंब नाय परला वर. मंग वायरिंगला काय व्हनार?"

प्रश्न रास्त होता. पावसाचं पाणी खरंच आत गेलं नव्हतं. तरीही छपरावरचा जोड पार गेलेला निघाला.

आधी तपासणी. दुकानदाराने पॅनेलकडून येणाऱ्या तारा कंट्रोलरमधून सोडवल्या होत्या आणि त्यांना मल्टिमीटर लावला होता. २० व्होल्ट दिसले. त्यावरून पॅनेल ठीक, वायर ठीक, म्हणजे कंट्रोलर गेला, असा निष्कर्ष निघाला. यात फसगत अशी की मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. तारेत एक केसाएवढा धागा शिल्लक असला तरी तो २० व्होल्टच दाखवणार. जोडात अडथळा किती आहे ते करंट वाहायला लागल्यावरच कळतं. त्यामुळे ऑगस्टातली उघडीप साधून भर दुपारी तारा परत कंट्रोलरला जोडल्या आणि तारेभोवती अडकवून करंट मोजणारा डीसी क्लॅम्प मीटर लावला. दोन पॅनेलांकडून दहाच्या आसपास अँपिअर यायला हवे होते. येत होते ०.७.

मग छपरावर चढलो. दोन पॅनेलांच्या मध्ये सपाट आडवी ठेवलेली राखाडी प्लास्टिकची जंक्शन पेटी, झाकणाभोवती बोटाने फासलेलं पांढरं सिलिकॉन. बंद पेटीच्या झाकणाला हात लावला तर एका बाजूला ऊब लागत होती. सिलिकॉन सुरीने कापून झाकण उघडलं. आत पांढरी कनेक्टर पट्टी होती, तिचा एक कोपरा तपकिरी होऊन वितळलेला. पॉझिटिव्हच्या स्क्रूवर हिरवा-निळा कळंक इतका चढला होता की स्क्रूची खाच दिसत नव्हती. शेजारचा निगेटिव्ह मात्र नुसता काळवंडलेला. पेटीच्या तळाशी नखभर पाणी आणि कडेला पांढरा खार. मीटरची दोन टोकं त्या एका पॉझिटिव्ह स्क्रूच्या अलीकडे-पलीकडे टेकवली, तर तिथेच साडेसहा व्होल्ट खर्ची पडत होते. पॅनेलांनी दिलेलं जे काही होतं ते बॅटरीत जायच्या ऐवजी स्क्रू तापवत होतं.

नाखव्यांच्या मुलाने मग एक गोष्ट सांगितली जी आधी कोणी विचारलीच नव्हती. "मे महिन्यात पण दादा, सकाळी बरं चार्ज व्हायचं, दुपारी कमी. आम्हाला वाटलं ऊन जास्त म्हणून पॅनेल तापतंय."

पॅनेल तापत होतं हे खरं, पण ते अर्धंच कारण. १२ व्होल्टच्या पॅनेलचं कामाचं व्होल्टेज १८ च्या जवळपास असतं आणि भरणारी बॅटरी १३-१४ वर असते. म्हणजे चार-पाच व्होल्टची सूट हाताशी असते. पीडब्ल्यूएम कंट्रोलर ही सूट वापरत नाही, तो पॅनेलला सरळ बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. त्यामुळे जोड खराब व्हायला लागला तरी सुरुवातीला करंट कमी होतच नाही. दोन व्होल्ट जोडात गेले, एखादा तारेत गेला, तरी बॅटरीला पुरेसं उरतं. कंट्रोलरवरचा दिवा हिरवाच राहतो आणि मालक निर्धास्त. मात्र पॅनेल ६०-६५ अंशांवर गेलं की त्याचं व्होल्टेज १५ पर्यंत उतरतं, सूट संपते आणि दुपारी करंट पडायला लागतो. सकाळी ठीक आणि दुपारी कमी ही तक्रार आली की मी आता आधी जोड बघतो, पॅनेल नंतर.

त्या सुरुवातीच्या काळातला हिशोब बघा. दोन्ही पॅनेलांचे ११ अँपिअर त्या एका स्क्रूतून जात होते. जोडाचा रोध ०.२ ओहम जरी धरला तरी तिथे २४ वॅट उष्णता तयार होते. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचं असतं. बंद प्लास्टिकच्या पेटीत, लाकडी छपरावर, डिझेलच्या टाकीपासून हाकेच्या अंतरावर. पट्टी नुसती वितळली, यावरच निभावलं.

आता नाखव्यांच्या प्रश्नाकडे येऊ. पाणी आलं कुठून?

पेटीला तीन केबल ग्लँड (तार आत घेताना तिच्याभोवती रबर आवळणारी नटाची तोंडं) होत्या आणि तिन्हींची तोंडं होडीच्या नाळेकडे, म्हणजे लाट जिथून उडते तिकडे. त्यातल्या प्रत्येकीतून दोन-दोन तारा कोंबलेल्या. ग्लँडचं रबर गोल असतं, ते एका गोल केबलभोवतीच नीट आवळलं जातं. दोन तारा शेजारी शेजारी घातल्या की त्यांच्या मधल्या खाचेत वर एक आणि खाली एक अशा दोन बारीक फटी राहतातच, नट कितीही पिळा. एप्रिल-मेमध्ये समुद्रात असताना खारा फवारा त्या फटींतून आत गेला. आलेलं पाणी बाहेर जायला वाट नव्हती, कारण झाकण सिलिकॉनने पक्कं बंद केलेलं आणि पेटीच्या तळाला भोक नाही. त्यात पेटी रोज उन्हात तापते आणि संध्याकाळी निवते. तापली की आतली हवा फुगून फटीतून बाहेर जाते, निवली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. फवारा नसतानाही पेटी अशी रोज थोडं थोडं पाणी पीत राहते.

पण होडी वर काढल्यावर, ताडपत्रीखाली, दोन महिने? तिथे काम केलं मिठाने. साधं मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी धरून विरघळायला लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीत हे आपण बघतोच. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं आणि ते तर ३३ टक्क्यांच्या आसपासच पाणी ओढतं. खाडीकाठची पावसाळ्यातली हवा याच्या कितीतरी वर. म्हणजे एकदा खार बसलेला जोड जून ते सप्टेंबर कोरडा होतच नाही. त्यावर पाऊस पडायची गरजच नसते. उलट ताडपत्रीने वारा अडवला, वाफ कोंडली.

आणि दुसरी गोष्ट, जी मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची वाटते. ताडपत्रीखाली पॅनेल बंद नसतं. निळ्या ताडपत्रीतून जो मंद उजेड आत येतो त्यात करंट नगण्य मिळतो, पण व्होल्टेज बरंचसं उभं राहतं. कारण उजेड कमी झाला तरी पॅनेलचं रिकामं, म्हणजे करंट वाहत नसतानाचं, व्होल्टेज फार सावकाश उतरतं. नाखव्यांना पटेना, तेव्हा तीच ताडपत्री पॅनेलवर टाकून मीटर दाखवला. १५ व्होल्टच्या वर. म्हणजे बंदीचे दोन महिने रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, खाऱ्या पाण्याने ओल्या पट्टीवर पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यात व्होल्टेज लागून होतं. हे सरळ इलेक्ट्रोलिसिस झालं. त्यात पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळतं, निगेटिव्ह वाचतं. एक स्क्रू हिरवा आणि शेजारचा नुसता काळा, याचं कारण हे. नुसत्या गंजाने दोन्ही सारखेच गेले असते.

सिलिकॉनबद्दल थोडं. अर्धवट वापरलेली ट्यूब केबिनमध्येच होती. उघडून वास घेतला तर आंबट, व्हिनेगरसारखा. हे खिडकीच्या काचांना आणि बाथरूमच्या फरशीला लावायचं सिलिकॉन. सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं आणि ते तांब्याला लागतं. विजेच्या कामाला आंबट वास नसलेलं, ट्यूबवर 'न्यूट्रल' लिहिलेलं सिलिकॉन घ्यायचं असतं. पण माझं मत विचाराल तर जोडाच्या पेटीला कुठलंच सिलिकॉन फासू नये. पेटीला झाकणाचं रबर असतं, ते पुरेसं. सिलिकॉनने पेटी उघडायचा कंटाळा येतो, म्हणून ती कोणी उघडत नाही आणि आत काय चाललंय ते कळत नाही.

पेटीतून बाहेर पडणारी तार घरगुती वायरिंगची होती, साध्या तांब्याची. सोलत गेलो तर आतलं तांबं चांगलं वीतभर काळं. पाणी बारीक धाग्यांच्या मधून, दिव्याच्या वातीत तेल चढावं तसं, आवरणाच्या आत चढलेलं. त्याच पेटीत, त्याच पाण्यात पॅनेलच्या मूळ तारा होत्या. त्या टिन्ड, म्हणजे कल्हई केलेल्या तांब्याच्या. त्यांची टोकं बोटाच्या पेराएवढी कापल्यावर आत चकचकीत धागा मिळाला. समुद्रावर कल्हईची तार का वापरायची हे समजावून सांगायची गरज उरली नाही. दोन्ही तुकडे नाखव्यांच्या हातात दिले.

दुरुस्तीत पहिला निर्णय असा घेतला की छपरावरची पेटी काढूनच टाकायची. चांगली पेटी, महाग ग्लँड, वरून टेप, हे सगळं करता आलं असतं. पण उघड्यावरचा जोड कितीही झाकला तरी जोडच. पॅनेलं समांतर जोडण्यासाठी छपरावर भेट घडवायचं काही कारण नाही. प्रत्येक पॅनेलची स्वतंत्र जोडी सरळ केबिनमध्ये उतरवली आणि भेट आत घडवली. शेजारच्या होडीवाल्याने सुचवलं होतं की पॅनेलं सीरिजमध्ये लावा, एमपीपीटी (जादा व्होल्टेजही कामाला लावणारा) कंट्रोलर घ्या, तारा निम्म्या होतील. हिशोबाने बरोबर आहे. पण या छपरावर जाळं वाळत पडतं, बावटा असतो, अँटेनाची सावली फिरत असते. एका पॅनेलवर सावली आली की सीरिजमध्ये दुसऱ्याचंही काम अडतं. त्यात नवा कंट्रोलर नुकताच घेतलेला. समांतरच ठेवलं.

छपरावर आता फक्त एमसी-फोर, म्हणजे सोलर तारांच्या नर-मादी कनेक्टरच्या, चार जोड्या. हे कनेक्टर पाण्यात बुडवून तपासलेले असतात, आयपी६७ किंवा आयपी६८ असं त्यावर लिहिलेलं असतं. आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ती चाचणी गोड्या पाण्याची आणि अर्ध्या तासाची आहे, खाऱ्या पाण्यातल्या वर्षांची नाही. आणि नर-मादी जोडलेले असतानाच ती लागू होते, सुटं तोंड उघडं असेल तर काहीच हमी नाही. म्हणून तीन पथ्यं पाळली. पिन पकडीने दाबायची नाही, एमसी-फोरच्या खास क्रिंपिंग टूलनेच दाबायची. मागचा नट पान्याने पूर्ण आवळायचा, कारण केबलभोवतीचं रबर तोच दाबतो. आणि नर-मादी एकाच कंपनीचे. बाजारात सगळे एकमेकांत बसतात, 'टक' असा आवाजही येतो, पण आतल्या पट्टीचा दाब आणि धातूचा मुलामा वेगळा असतो.

कनेक्टर छपरावर लोळत ठेवले नाहीत. पॅनेलच्या फ्रेमच्या आतल्या बाजूला, छपरापासून चार बोटं वर, आडवे बांधले, म्हणजे साचलेल्या पाण्यात ते बसणार नाहीत. काळ्या, उन्हाला टिकणाऱ्या केबल टायने. पांढरी टाय एका उन्हाळ्यात चुरा होते.

तारा छपराला भोक पाडून खाली नेल्या नाहीत. केबिनच्या मागच्या भिंतीतून, छपराच्या वळचणीखालून आत घेतल्या. चार तारा, चार ग्लँड. चार चौरस मिलिमीटरची सोलर केबल बाहेरून साधारण सहा मिलिमीटर जाड असते, तिला पीजी-९ मापाची ग्लँड नीट धरते. भिंतीत शिरायच्या आधी प्रत्येक तारेला खाली लोंबती कमान दिली. तारेवरून ओघळणारं पाणी कमानीच्या तळाशी थेंब होऊन गळतं, चढ चढून भोकापर्यंत जात नाही. फुकटचं काम आहे आणि हेच सगळ्यात जास्त वेळा राहून जातं.

केबिनमधली नवी पेटी उभी लावली, ग्लँड खालच्या बाजूला आणि तळाला तीन मिलिमीटरचं भोक. भोक पाडताना नाखवा ओरडलेच, "नवी पेटी फोरतंस कशाला?" केबिन कोरडी असली तरी हवा खारीच, पेटी श्वास घेणारच, मग आत जमलेला थेंब खाली गळून तरी जावा. आत कनेक्टर पट्टी नाही, कल्हईचे थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायची धातूची कडी), आणि त्यांच्या मानेवर आतून गोंद असलेली हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. गरम केल्यावर दोन्ही टोकांना गोंदाची बारीक कड बाहेर दिसली पाहिजे. ती दिसली नाही तर तारेच्या तोंडातून पाणी पुन्हा वर चढणार. सोल्डर केलं नाही. इंजिनाच्या थरथरीत सोल्डर जिथे संपतो तिथे तार कडक होते आणि तिथेच तुटते. स्क्रू आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीजवळ २० अँपिअरचा फ्यूज टाकला. आधी तो नव्हताच, आणि वितळलेली पट्टी बघितल्यावर त्याबद्दल कोणी वाद घातला नाही.

हे सगळं करताना पॅनेलांवर जाड गोणपाट टाकून ठेवलं होतं. उन्हात, करंट चालू असताना एमसी-फोर ओढून सोडवला तर डीसीचा आर्क, म्हणजे टिकून राहणारी ठिणगी, निघतो आणि पिन तिथेच जळते. आधी कंट्रोलरकडचा प्रवाह तोडायचा, मग कनेक्टर.

शेवटी गोणपाट काढून प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना मीटर लावून मिलीव्होल्ट बघितले. पाचेक अँपिअर वाहत असताना चांगली एमसी-फोर जोडी दोन-तीन मिलीव्होल्ट दाखवते. तीन जोड्यांनी तेच दाखवलं, चौथीने १९. काढून बघितली तर मुलाने मध्येच कमी पडला म्हणून दुसऱ्या पाकिटातला नर आणला होता, वेगळ्या कंपनीचा. बदलला. नळीने छपरावर भरपूर पाणी मारलं, पुन्हा मोजलं, आकडे तेच. क्लॅम्प मीटरवर दहाच्या जवळ अँपिअर. जुना कंट्रोलर चांगलाच होता हे तेव्हा सिद्ध झालं. नाखव्यांनी तो दुकानदाराकडे परत न्यायचं ठरवलं, पुढे काय झालं ते मला विचारावंसं वाटलं नाही.

बंदीसाठी मात्र नियम बदलायला सांगितला. पॅनेलं ताडपत्रीत गुंडाळायची असतील तर आधी चारही एमसी-फोर सोडवायचे आणि आठही तोंडांना त्यांच्या रबरी टोप्या लावायच्या. नाहीतर सरळ पॅनेलांपुरती ताडपत्री उघडी ठेवायची, बॅटरी भरत राहू द्यायची. गुंडाळून जोडलेलं ठेवणं हा सगळ्यात वाईट पर्याय. आणि होडी वर काढायच्या दिवशी छपरावर, कनेक्टरांवर, ग्लँडवर गोडं पाणी ओतून खार धुवायचा. इंजिन धुतात तसंच.

पुढच्या बंदीत त्यांनी पहिला पर्याय निवडला. होडी उतरवायच्या वेळी मी आकडे घ्यायला गेलो. तीन जोड्या जशाच्या तशा. चौथ्या जोडीच्या एका टोकाची टोपी हरवली होती, म्हणून तिथे प्लास्टिकची पिशवी गुंडाळून सुतळी बांधलेली. पिशवीत वाफ धरली होती आणि पिनेवर हिरवा ठिपका आला होता. ते टोक कापून नवा कनेक्टर लावला, आणि टोप्यांचं एक जादा पाकीट केबिनच्या खणात ठेवून दिलं.